अजून विचारता येतं तोवर

साठी उलटलेल्या माणसाच्या विसरण्याला आपल्या घरांत दोनच उत्तरं तयार असतात. आधी काही वर्षं ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं आणि मग एखादा मोठा घोटाळा झाला की एका दिवसात सगळं हातातून काढून घ्यायचं: गॅस, बँकेचं पासबुक, एकट्यानं बाजारात जाणं. या दोन टोकांच्या मधे काही महिने, पुष्कळदा काही वर्षं असतात. आपलं काहीतरी बिघडतंय हे त्या काळात त्या माणसाला जाणवत असतं आणि काय हवं, काय नको हेही सांगता येत असतं. तो काळ आपण वाया घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो. नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभरानं भाजी निवडताना आठवतं. हे स्वाभाविक आहे. काळजीचं विसरणं निराळं. परवाच्या बारशाला आपण गेलो होतो हेच आठवत नाही, आठवण करून दिली तरी नाही. कारण ती नोंदच झालेली नसते. नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला अल्झायमर या आजाराची झळ लवकर लागते. म्हणून स्वतःच्या लग्नातले रुसवेफुगवे तपशिलासह सांगणाऱ्या आजीला सकाळची गोळी घेतली की नाही, हे सांगता येत नाही. ‘जुनं तर सगळं आठवतं की!’ असं म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि तपासणी लांबते.

सुरुवात दर वेळी विसरण्यानंच होते असंही नाही. माझ्या मामींच्या बाबतीत कामाचा क्रम आधी विसकटला. डाळ शिजली, कट काढला आणि पुढे काय करायचं ते सुचेना. पन्नास वर्षं पुरण घातलेली बाई ओट्याशी नुसती उभी. पुढच्या सणाला त्यांनी गुडघेदुखीचं कारण सांगून पोळ्या टाळल्या. माणसं हे असं झाकतात, कारण हसं होण्याची भीती खरी असते.

तपासणीत मोठा आधार आहे, हे मात्र पुरेसं सांगितलं जात नाही. बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते), मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, रोजची झोपेची गोळी, यांनीही स्मरण ढासळतं आणि उपचारांनी ते पुष्कळदा सुधारतं. ऐकू कमी येत असेल तर सांगितलेलं मुळात पोचतच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यांत रक्तदाब आणि मधुमेहाबरोबर ऐकू कमी येणं, नजर अधू होणं आणि एकटेपणाही आहे. हे सगळे आयुष्यभर आवरले तर जगातल्या जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शियाला आळा बसू शकेल किंवा तो लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. कानाच्या मशीनला ‘आता या वयात कशाला?’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

स्मरण घटलं आहे पण रोजचे व्यवहार चालू आहेत, अशा मधल्या अवस्थेला डॉक्टर ‘सौम्य बोधनक्षीणता’ म्हणतात. त्यातले सगळे डिमेन्शियाकडे जात नाहीत; काही जण तिथेच थांबतात, काही सुधारतातही. पण इथे आपल्याकडची एक अडचण आहे. चाचणीत घड्याळाचं चित्र काढायला सांगतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे त्यात गुण कमी पडले, तर ते आजारानं की पाटी कधी हातात न आल्यानं? भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यात बायकांचं, खेड्यांतल्यांचं आणि न शिकलेल्यांचं प्रमाण अधिक आहे. त्यांच्यासाठी प्रश्न त्यांच्या जगातले हवेत: कालच्या बाजारात काय घेतलं, मोड किती परत आली, हळदीकुंकवाला कोण आलं होतं.

आणि प्रश्न त्यांनाच विचारायला हवेत. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर यांना आणलं, तेव्हा आलोइस अल्झायमर त्यांच्यासमोर बसले आणि नाव काय, नवरा कोण असं विचारून त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहून घेत गेले. त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या शास्त्राची सुरुवात त्या संवादापासून झाली. आपल्या दवाखान्यांत मात्र पेशंट खुर्चीत गप्प असतो आणि बोलतो तो मुलगा किंवा सून.

निदान झालं म्हणून माणसाचा निर्णयाचा हक्क संपत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या स्मरणाच्या गंभीर विकारांनाही धरून आहे. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे आधीच लेखी नोंदवण्याची सोय त्यात आहे. मृत्युपत्राचंही तेच, ते करताना समज शाबूत लागते, म्हणून ते आत्ताच व्हायला हवं. दागिने कोणाला, शेताच्या तुकड्याचं काय, पुढे कोणाकडे राहायला आवडेल, रात्री सोबतीला कोण चालेल, अंघोळ कोणाच्या हातून नको, हे विचारताना घरच्यांची जीभ अडखळते. विचारलं तर आजीला वाईट वाटेल, असं त्यांना वाटतं. ती बहुधा त्याच विचारानं कित्येक रात्री जागी असते आणि आपल्याला कुणीतरी विचारावं याची वाट पाहत असते.