गळतीचा हिशेब: छोटी शहरे आणि दुरुस्तीचा खर्च

महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या अधिनियमानुसार चालतो. रस्ते, गटारे, पूल, दिवाबत्ती, पाणीपुरवठा ही कामे या अधिनियमाच्या 49 व्या कलमाने नगरपरिषदेवर बंधनकारक केली आहेत. एकदा बांधून दिले की जबाबदारी संपली, असे त्यात नाही. बांधलेले सुस्थितीत ठेवणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग पडतात. 1 लाखावरच्या ‘अ’ वर्गात, 40 हजार ते 1 लाखाच्या ‘ब’ वर्गात आणि 25 ते 40 हजारांच्या ‘क’ वर्गात. त्याहून लहान, गावपण सोडून शहर होऊ पाहणाऱ्या वस्तीला नगरपंचायत मिळते. कर्तव्यांची यादी मात्र सगळ्यांना जवळपास सारखीच. 30 हजार वस्तीच्या शहरालाही जॅकवेल लागते, जलशुद्धीकरण केंद्र लागते, उंच टाकी लागते. आणि त्यांच्या देखभालीचा भार वाटून घ्यायला घरे मात्र मोजकीच असतात.

दुरुस्ती करायची की नवे बांधायचे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा आहे. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बहुतेक वेळा पैसा कोणत्या खात्यातून येतो यावर ठरते. नवे काम हा भांडवली खर्च, आणि त्यासाठी वरून अनुदान मिळते. 2005 साली लहान व मध्यम शहरांसाठी आलेल्या केंद्रीय योजनेत केंद्राचा वाटा 80 टक्के होता, राज्याचा 10, आणि उरलेले 10 टक्के शहराने उभे करायचे होते. 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 मध्ये 1 लाखाखालच्या शहरांना केंद्राकडून निम्मा प्रकल्पखर्च मिळतो. शिवाय राज्याचे नगरोत्थान अभियान आहे. दुरुस्ती हा महसुली खर्च. तो मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे यांतून भागवावा लागतो. म्हणजे 1 कोटीची नवी जलवाहिनी शहराला काही लाखांत पडते आणि जुन्या वाहिनीची 10 लाखांची दुरुस्ती पूर्ण 10 लाखांना पडते. सभागृहाने नव्या कामाकडे झुकावे, हे या रचनेत स्वाभाविकच आहे. त्याचा दोष एकट्या नगरसेवकांवर टाकणे अन्यायाचे होईल.

स्वतःच्या उत्पन्नाची बाजू तर आणखी नाजूक. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. रोजच्या रोज हातात येणारा पैसा गेला आणि त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी, पण निवडणूक जवळ आली की ती लांबते. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव तर वर्षानुवर्षे विषयपत्रिकेवर येतच नाही. जमा झालेल्या रकमेतून आधी पगार, निवृत्तिवेतन आणि पाण्याच्या पंपांचे वीजबिल जाते, कारण ते थांबवता येत नाहीत. व्हॉल्व्ह बदलणे, गटाराचा गाळ काढणे, टाकीला आतून लेप देणे हे मात्र थांबवता येते. म्हणून तेच थांबते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानात दशलक्षापेक्षा लहान शहरांचा 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, हे त्यामुळेच महत्त्वाचे पाऊल होते. त्यातून किती ठिकाणी जुन्या वाहिन्या सांभाळल्या गेल्या आणि किती ठिकाणी नव्या टाकल्या गेल्या, हे पाहण्यासारखे आहे.

पाण्याच्या वाहिनीचे उदाहरण घेतले की हा हिशेब कुठे चुकतो ते नीट कळते. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमावलीत पंप आणि मोटारींचा संकल्पनाकाळ 15 वर्षांचा, तर वितरणव्यवस्थेचा 30 वर्षांचा धरलेला आहे. समजा, एका शहराची जुनी वाहिनी वर्षातून 20 वेळा फुटते. जेसीबी, मजूर, जोड आणि उकरलेला रस्ता भरणे असा दर वेळी 15 हजार खर्च येतो. वर्षाचे झाले 3 लाख. वाहिनी बदलायची तर 1 कोटी लागेल. ते अनुदानाऐवजी कर्जातून, 7 टक्के व्याजाने 30 वर्षांसाठी उभे केले, तर वर्षाचा हप्ता 8 लाखांच्या थोडा वर जातो. 3 लाख विरुद्ध 8 लाख, असा प्रश्न मांडला तर कोणतीही सभा ठिगळालाच मत देईल.

पण फुटलेल्या आणि पाझरणाऱ्या वाहिनीतून रोज 2 लाख लिटर शुद्ध केलेले पाणी जात असेल, तर वर्षाला ते 7 कोटी 30 लाख लिटर होते. हजार लिटर पाणी उचलून, शुद्ध करून पोहोचवायला 10 रुपये लागतात असे धरले, तर वाया गेलेल्या पाण्याची किंमत 7 लाख 30 हजार. आता ठिगळांचा खरा खर्च 10 लाखांवर गेला आणि वाहिनी बदलणे स्वस्त ठरले. हे 7 लाख 30 हजार कुठल्याच टिपणीत दिसत नाहीत, कारण ते दुरुस्तीच्या शीर्षाखाली पडत नाहीत. ते वीजबिलात, तुरटीत आणि क्लोरीनमध्ये विखुरलेले असतात. दुरुस्तीची फाइल बांधकामाच्या टेबलावर, वीजबिल लेखा विभागात. दोन्ही रकमांची बेरीज करण्याचे काम कुणाकडेच सोपवलेले नसते.

शिवाय रुपयांत न मांडता येणारी एक बाजू उरतेच. एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा पाणी सोडले जाते तिथे मधल्या काळात वाहिनी रिकामी असते, आणि त्याच भेगांतून गटाराचे पाणी आत शिरते. गावात काविळीची साथ येते तेव्हा खर्च रुग्णांच्या घरातून होतो. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात त्याची एकही ओळ नसते.

रस्त्याचा हिशेब याच जातीचा, फक्त वेग जास्त. डांबराचा शत्रू पाणी. वरचा थर वेळेवर दिला आणि कडेचे गटार वाहते ठेवले, तर खालची खडी शाबूत राहते. पाणी खडीपर्यंत मुरले की रस्ता मुळापासून करावा लागतो. जागतिक बँकेच्या 1994 च्या विकास अहवालात आफ्रिकेतील रस्त्यांबद्दल असे दाखवले होते की, 12 अब्ज डॉलरची देखभाल वेळेवर झाली असती, तर पुनर्बांधणीचे 45 अब्ज डॉलर वाचले असते. आपल्याकडे तर गटाराआधी रस्ता करण्याची आणि रस्त्यानंतर जलवाहिनीसाठी तोच उकरण्याची रीत आहे. ठेकेदारावर दोष दायित्वाची मुदत असते, पण मध्येच दुसऱ्या खात्याने रस्ता उकरला की ठेकेदाराला जबाबदारी झटकायला सोपे जाते.

दुरुस्ती टाळण्यापेक्षाही घातक गोष्ट आहे ती दिसणाऱ्या भागाची दुरुस्ती करून न दिसणारा भाग तसाच ठेवणे. गुजरातमधील मोरबीत मच्छू नदीवरचा झुलता पूल संस्थानकाळातला, नगरपालिकेच्या ताब्यातला. मार्च 2022 मध्ये तो 15 वर्षांसाठी एका घड्याळ बनवणाऱ्या खासगी कंपनीकडे देखभालीला दिला गेला. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला पूल 26 ऑक्टोबरला उघडला आणि 30 ऑक्टोबरला तुटला. 135 माणसे गेली. विशेष तपास पथकाच्या अहवालात आढळले की, मुख्य दोरखंडाच्या 49 तारांपैकी 22 तारा गंजून आधीच तुटलेल्या असाव्यात. पायाखालच्या लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे तक्ते बसवले होते. दोरखंड जुनाच होता. करार सर्वसाधारण सभेच्या मंजुरीविना झाल्याचेही पथकाने नोंदवले. 2023 मध्ये राज्य सरकारने ही नगरपालिका बरखास्त केली. देखभाल दुसऱ्याकडे दिली, तरी तारा मोजण्याची जबाबदारी नगरपालिकेकडेच उरते, हे या घटनेतून फार मोठी किंमत देऊन स्पष्ट झाले.

दुसऱ्या टोकाला कराडजवळचे मलकापूर आहे. तीसेक हजार वस्तीच्या या गावाने नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. जितका वापर जास्त तितका दर चढा, अशी टप्प्याटप्प्याची आकारणी ठेवली. या योजनेची दखल देशपातळीवर घेतली गेली. मलकापूरच्या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट चोवीस तासांचे पाणी नव्हे, तर मोजणी आहे. टाकीतून किती पाणी गेले आणि घरोघरी किती पोहोचले, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गळती. ती कुठे आहे हे कळले, म्हणजे पूर्ण वाहिनी बदलायची की दोनशे मीटरचा तुकडा, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. वाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली असल्याने बाहेरचे पाणी आत शिरायलाही फारसा वाव राहत नाही.

हिशेबाची साधने कायद्याने आधीच दिलेली आहेत. दुहेरी नोंद पद्धतीत रस्ते, वाहिन्या, टाक्या या मालमत्तांची नोंद ठेवायची असते आणि दरवर्षी त्यांचा घसारा दाखवायचा असतो. तो घसारा ताळेबंदात छापला जातो, पण तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवलेली क्वचितच असते. त्यामुळे 30 वर्षांनी वाहिनी संपते तेव्हा शहराच्या हाती काही नसते आणि पुन्हा अनुदानाचा प्रस्ताव मंत्रालयाकडे जातो. घसाऱ्याच्या निम्मी रक्कम जरी पाणीपट्टीतून स्वतंत्र दुरुस्ती निधीत पडली, तरी शहराला योजनेची वाट पाहत बसावे लागणार नाही.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक ठिकाणी दीर्घकाळ प्रशासक होते. दुरुस्तीचे निर्णय सभेतल्या चर्चेविना होत होते. आता ते पुन्हा सर्वसाधारण सभेपुढे येतील. प्रत्येक मोठ्या कामाच्या टिपणीसोबत तीन आकडे जोडता येतील: गेल्या तीन वर्षांत त्या मालमत्तेवर झालेला दुरुस्तीचा खर्च, वाया गेलेल्या पाण्याची किंवा विजेची किंमत, आणि नव्या कामाचा वार्षिक हप्ता व त्यानंतरची देखभाल. पहिला आकडा मोजमाप पुस्तिकांतून निघतो, तिसरा शासनाच्या दरसूचीवरून. दुसऱ्यासाठी शुद्धीकरण केंद्राच्या आणि टाक्यांच्या मुखाशी चालू स्थितीतले फ्लो मीटर लागतात, म्हणून दुरुस्तीच्या यादीत त्यांचा क्रमांक वाहिन्यांच्याही आधी लावावा लागेल.