मोडल्याविना नवं

1909 हे साल मराठी कवितेला मानवलं. 21 ऑगस्टला बुलढाणा जिल्ह्यातल्या सेंदुरजनला नागोराव घनश्याम देशपांडे जन्मले आणि 1 डिसेंबरला शेजारच्या खानदेशात, फैजपूरला, बाळ सीताराम मर्ढेकर. वयात जेमतेम सव्वातीन महिन्यांचं अंतर. पण कवीनं नवं व्हायचं म्हणजे काय करायचं, याची दोन अगदी वेगळी उत्तरं या दोघांच्या लिहिण्यातून निघाली. मर्ढेकरांचं उत्तर आपण पाठ केलं. ना. घं.चं उत्तर ऐकू यायला बराच काळ जावा लागला.

तरुण ना. घं.पुढे नवं आलं ते यंत्राच्या रूपात. त्याआधी कविता गायची म्हणजे रविकिरण मंडळाच्या वळणाचं काव्यगायन. कवी चालीवर सगळी कडवी म्हणणार, श्रोते निवांत ऐकणार. ग्रामोफोनला इतका धीर नव्हता. लाखेची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. तेवढ्यात ध्रुवपद मनात ठसलं पाहिजे, अंतरे झाले पाहिजेत आणि सुई मधल्या चकतीशी पोचायच्या आत गाणं संपलं पाहिजे. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गायक जी. एन. जोशी यांनी ना. घं.ची ‘शीळ’ ही कविता या मापात बसवून गायली आणि मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून तिचं नाव झालं. नाटकाच्या पदामागे असतो तसा प्रसंग नाही, पात्र नाही, भजनातला देवही नाही. रानातल्या शिळेनं हललेलं एक मन, बस्स. तीन मिनिटांच्या अडचणीतून एक अख्खा गानप्रकार उभा राहिला.

मला जास्त कुतूहल आहे ते त्यानंतरचं. चावीच्या फोनोवर गाणं घरोघर पोचलं तेव्हा कवी विशीतला होता. अशा वेळी पुण्या-मुंबईची गाडी धरायची आणि मागणी तसा पुरवठा करायचा, हा रस्ता सरळ होता. गदिमांसारख्यांनी तो मोठ्या ताकदीनं चालून दाखवला, त्यात कमीपणा काही नाही. ना. घ. मात्र मेहकरला वकिली करत राहिले. (वऱ्हाडातला कवी गावातच राहिला की त्याला ‘उपेक्षित’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे. या शब्दात कीव फार, माहिती कमी.) पक्षकार, तारखा, दावे यांवर घर चालत असल्यामुळे त्याच साच्यातली गाणी पाडत बसायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. कवितेवर पोट नसणं, ही कवितेची केवढी सोय!

दरम्यान मराठी कवितेत नवेपणाची व्याख्याच बदलली. ‘शिशिरागम’ (1939) लिहिणारा हळवा मर्ढेकर 1947 साली ‘काही कविता’त ओळखू येईना. शहर, यंत्र, माणसाचं यंत्रवत होणं हे सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हापासून नवं म्हणजे आधीचं मोडणं, हे आपण धरूनच चाललो. मर्ढेकरांनी तो मजकूर ओवी-अभंगाच्या जुन्या छंदांत घातला होता, याकडे सोयीनं काणाडोळा झाला. अशा हवेत 1954 मध्ये ‘शीळ’ हा संग्रह आला. त्याचा कवी पंचेचाळिशीचा, गाणं वीसेक वर्षं लोकांच्या ओठांवर रुळलेलं आणि पुस्तक पहिलंच! उशिरा पोचलेल्या पत्रासारखं ते अनेकांना वाटलं असणार.

पुढे ‘अभिसार’ 1963 चा आणि त्यानंतर बावीस वर्षांनी, 1985 मध्ये, ‘खूणगाठी’. या खंडाला तपश्चर्या वगैरे म्हणायची माझी तयारी नाही. कोर्टकचेरी करणाऱ्या माणसाची वर्षं अशीच जातात. पण ‘खूणगाठी’ उघडली की रानातली हुरहूर चिंतनाकडे वळलेली दिसते. हे वळण त्यांनी कुठे जाहीर केलं नाही, जुन्या गाण्याला नावं ठेवली नाहीत, नवा पंथही काढला नाही. 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला तेव्हा ते सत्त्याहत्तरीला टेकले होते. मर्ढेकर जाऊन तीस वर्षं झाली होती. मोडल्याशिवायही माणूस नवं लिहू शकतो, हे मान्य करायला आपल्याला एवढा वेळ लागला.

मग 1996 मध्ये ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’. दुसऱ्याचा विषय मेहकरातलाच. लोणारच्या कमळजादेवीच्या देवळातला दिवा दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीनं उंच महाल बांधायला घेतला आणि देवीच्या कोपानं ती शिळा झाली, असं तिथले लोक सांगतात. तीन मिनिटांत मावणाऱ्या गाण्यानं नाव मिळवलेल्या कवीनं इथं लांब पल्ल्याची कथा घेतली. तीही अशी, की जिचा शेवट गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक.