गवसणीच्या आत

तंबोरा पडला तेव्हा चारही तारा एकदम वाजल्या. पंचम, जोडीचे षड्ज, खर्ज सगळं एकात एक. त्याच आवाजाच्या पोटात नारळ फोडल्यासारखा दुसरा एक कोरडा आवाज आला. गवसणीची नाडी खुर्चीच्या हाताला अडकली होती, एवढंच. कुणी धक्का दिला नव्हता, घरात मांजर नाही, लहान मूल नाही. मीच होते. दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, तेव्हा मी नाडी एवढी लांब ठेवणाऱ्या शिंप्याला मनातल्या मनात बोल लावून पाहिला. फार वेळ टिकला नाही तो.

तंबोरा आत्याचा. तिने ४० वर्षं त्याच्यासोबत गळा लावला आणि शेवटच्या आजारपणात तो माझ्याकडे दिला. मी गाणारी नव्हे. सकाळी चहा होईपर्यंत पंधरा मिनिटं छेडत बसायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. त्यामुळे फुटल्यावर दुःखाच्या आधी लाज वाटली. दुसऱ्याची ठेव हातून गेली होती आणि माफी मागायला ठेवणारी उरली नव्हती.

लोकांनी आपापल्या परीने समजूत घातली. ‘तुझ्यावरचं त्याच्यावर गेलं’ झालं, ‘अगं, वस्तूच ना ती’ झालं. चुलतभावाने भ्रमाच्या भोपळ्याचा विनोद केलाच. कोण करतंय याचीच मी वाट पाहत होते. एका मैत्रिणीने जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे. १९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधल्या एका पार्टीत स्टँडवर ठेवलेल्या त्याच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि ट्रम्पेटचं तोंड वर वळलं. त्याने वाजवून पाहिलं, आवाज आवडला, आणि पुढे मुद्दाम तशीच वाकडी ट्रम्पेट करून घेतली. ऐकायला छान. पण पितळ वाकतं, भोपळा फुटतो. शिवाय प्रत्येक मोडतोडीतून काहीतरी नवं निघालंच पाहिजे, ही अपेक्षा मला अलीकडे जाचक वाटू लागली आहे. माझ्या तंबोऱ्याला पडण्यातून काहीएक मिळालं नाही.

‘वस्तूच ना’ हेही पटत नव्हतं. दसऱ्याला आपण तिला झेंडू वाहतो, पाय लागला तर हात जोडतो आणि फुटल्यावर एकदम ती वस्तू कशी होते? पण मी केलं ते त्याहून वाईट होतं. मी सुतक पाळलं. फुटका तंबोरा गवसणीत घालून चार दिवस कोपऱ्यात उभा केला आणि तिकडे पाहायचं टाळलं.

पाचव्या दिवशी मिरजेला निघाले. तंतुवाद्यांसाठी मिरजेलाच जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे सतारी-तंबोरे करायला घेतले. सतारमेकर हे त्यांच्यातल्या अनेकांचं आडनावच झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गाडीत समोरच्या बाईंनी गवसणीकडे बोट दाखवून ‘वीणा का?’ विचारलं. मी हो म्हटलं. भोपळ्याचं काय झालंय, हे सांगायचं नव्हतं.

कारागिराने गवसणी काढली, पडल्याचं विचारलंही नाही. त्याची नजर खुंट्यांवर गेली. ‘ताई, तारा तशाच ठेवल्या?’ चार दिवस त्या चार तारा ताणलेल्या होत्या आणि फुटक्या भोपळ्याला खेचत होत्या. तळहाताएवढ्या भोकापासून दोन नव्या चिरा गळ्याकडे चढल्या होत्या. ‘पडणं कुणाच्या हातात नसतं. खुंट्या पिळायला किती वेळ लागतो?’ रागावला नव्हता तो, नुसतं विचारत होता. तुकडे आणलेत का, हा दुसरा प्रश्न. मोठे आणले होते. बारीक कपच्या मी केराबरोबर झाडून टाकल्या होत्या. अपराधी माणूस आधी पुरावा साफ करतो बहुतेक.

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. कडू जातीचे, खाण्याच्या कामाचे नाहीत. वेलीवर जून झाले की वाळवायचे, मग भिजवून तोंड कापायचं. म्हणजे तंबोऱ्याचं पोट एकदा शेतात पिकलेलं असतं, आणि एकासारखा दुसरा मिळत नाही. नवा घातला तर? ‘घालू की. पण मग आवाज नवा.’ जोडायचं ठरलं.

त्याने भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी तबली उकलली आणि मला जवळ बोलावलं. बॅटरीच्या उजेडात आतली बाजू फिकट, खरबरीत दिसत होती. माझं भोक डावीकडे. उजवीकडे, थोड्याच अंतरावर, वीतभर लांब कापडाची पट्टी सरसाने चिकटवलेली. पिवळी पडलेली, कडांना घट्ट. खाली जुनी चीर. बाहेरून तिथे पॉलिशखाली काहीही दिसत नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्यावरूनच फडकं फिरवत आले होते. ‘काम आमच्या गल्लीतलंच,’ तो म्हणाला, ‘माझं नाही. जुनं आहे.’

आत्या कधी बोलली नव्हती. तिच्या हातून पडला होता, की तिलाही तसाच मिळाला होता? विचारायला कुणी नाही. मात्र चार दिवस मी जिच्यापुढे मनात मान खाली घालून उभी होते, ती अखंड तंबोऱ्याची मालकीण त्या पट्टीपाशी नाहीशी झाली.

पुढे तो घोडीकडे वळला. घोडीच्या पाठीला किंचित उतार असतो, तार त्यावरून निसटती घासते, म्हणून ती गुंज उठते. वाजवून वाजवून तार तिथे चर पाडते, आवाज बसतो आणि पाठ पुन्हा कानशीने घासून घ्यावी लागते. यालाच जवारी काढणं म्हणतात. आत्या दर थोड्या वर्षांनी मिरजेला जायची ती याचसाठी. म्हणजे मी ‘आत्याचा आवाज’ म्हणून जो जपत होते, तो तिच्या डोळ्यांदेखत कितीदा तरी घासला गेला होता, पैसे देऊन.

महिन्याने तंबोरा घरी आला. भोकाच्या जागी हात फिरवला की बोटाला एक उंचवटा लागतो. पंचम स्वच्छ आहे, जोड जुळते. खर्ज मात्र पूर्वीसारखा मोकळा सुटत नाही, घशात अडकल्यासारखा बोलतो. तारेखालचा दोरा केसभर मागे-पुढे करून पाहिला. थोडा फरक पडतो, टिकत नाही. फोन केला तर कारागीर म्हणाला, आत्ता हवेत ओल आहे, हात लावू नका. दिवाळीनंतर घेऊन या, पुन्हा जवारी काढू.