स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आपण किती सहजपणें उच्चारतों! मागच्या उन्हाळ्यांत मोर्शीस एका स्नेह्यांच्या घरीं ती मीं फार निराळ्या स्वरांत ऐकली. त्यांच्या मुलीचा अनावर राग, मागून होणारा पश्चात्ताप, सारे आपणांस सोडून जातील ही सततची धास्ती आणि मधूनमधून स्वतःस इजा करण्याची प्रवृत्ति, या सर्वांस डॉक्टरांनीं ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असें नांव दिलें होतें. तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. “इतकीं औषधें झालीं, आतां या म्हणीवांचून काय उरलें?” असें ते म्हणाले.

हा प्रश्न वैद्यकाचा तसाच नीतीचाहि आहे. खास या विकारासाठीं मान्यता पावलेलें एकहि औषध आज नाहीं. इंग्लंडांतील ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेनें २००९ सालींच सांगितलें कीं, खुद्द या विकारासाठीं औषधें योजूं नयेत. संकटप्रसंगीं अल्प मुदतीपुरती शामक गोळी द्यावी, एवढाच अपवाद. लॅमोट्रिजिनवर पुष्कळांची भिस्त होती. पण २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या २७६ रुग्णांवरील चांचणींत तें औषधविरहित गोळीहून सरस ठरलें नाहीं. सोबत नैराश्यासारखा दुसरा विकार असल्यास त्यावर औषध अवश्य घ्यावें. चालू गोळ्या आपल्या मनानें बंद करणें तर धोक्याचेंच.

येथवर म्हण खरी. परंतु ‘औषध नाहीं’ यावरून ‘उपाय नाहीं’ असें अनुमान काढणें हा तर्कदोष होय. मार्शा लिनेहान या अमेरिकन विदुषीची संवादोपचाराची पद्धति १९९१ पासून अनेक कसोट्यांस उतरली आहे; तरुणपणीं आपणहि अशाच यातना भोगल्या, हें त्यांनीं २०११ सालीं जाहीरपणें सांगितलें. मात्र गोळी दोन मिनिटांत लिहून होते; संवादास आठवड्यामागून आठवडे, बहुधा वर्ष लागतें, आणि तो जाणणारा माणूस लहान गांवीं सहजासहजीं भेटत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं एकीवर दुसरी गोळी चढते. मग विचारावेंसें वाटतें: ही गोळी रोग्याच्या दुःखासाठीं, कीं आपण कांहीं तरी केलें या आपल्या समाधानासाठीं?

मोर्शीचा बागायतदार डिंक्या पडलेल्या संत्र्याचा ‘स्वभाव’ काढीत बसत नाहीं. तो रोगट साल खरवडतो, बोर्डो मलम लावतो आणि बुंध्याशीं पाणी सांचूं न देण्याची खबरदारी घेतो. नुसत्या मलमावर विसंबून तो घरीं बसत नाहीं, आणि मलमानें भागलें नाहीं म्हणून कुऱ्हाडहि उचलीत नाहीं. झाडाला मिळणारा हा धीर घरच्या लेकीला कां मिळूं नये?