ना-हरकत कोणाची?

शासकीय कारभारात 'ना-हरकत प्रमाणपत्र' याइतका रुळलेला शब्दप्रयोग दुसरा नसावा. सेवाकाळात आम्ही तो असंख्य वेळा लिहिला, वाचला आणि त्याखाली सह्या केल्या. परंतु ज्याची खरोखर हरकत असू शकते, त्याला ती विचारली गेली आहे काय, हा प्रश्न आम्हांला त्या सगळ्या वर्षांत एकदाच पडला. आणि तोही आपण होऊन पडला नाही. एका वृद्ध बाईंनी तो आमच्यापुढे आणून ठेवला.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. माळव्यात, जुन्या होळकरी अंमलातील एका गावी आमची नेमणूक होती. घाट, वाडे आणि दगडी कमानी यांमुळे अशा गावांकडे चित्रपटवाल्यांचे लक्ष वळते. पुढे महेश्वरला 'पॅडमॅन'चे (२०१८) आणि चंदेरीला 'स्त्री'चे (२०१८) चित्रीकरण झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या गावी एका जुन्या वाड्यात तीन रात्री चित्रीकरण करण्याची परवानगी मागणारा अर्ज आला. सोबत नगरपालिकेचे ना-हरकत होते, पोलिसांचे होते, वाड्याच्या मालकाचे संमतिपत्र होते, शुल्क भरल्याची पावती होती. कागद पूर्ण होते. 'ध्वनिमर्यादेचे पालन करण्याच्या अटीवर' असा नेहमीचा शेरा लिहून आम्ही सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातील बाई कार्यालयात आल्या. आमचे आडनाव पाटीवर वाचून त्या मराठीत बोलू लागल्या. त्यांचे यजमान नुकतेच इस्पितळातून घरी आले होते. वाड्याच्या मागच्या बोळात, त्यांच्या खिडकीखाली, जनरेटर उभा केला होता आणि तो पहाटेपर्यंत चालू होता. त्या म्हणाल्या, "साहेब, तेही एक वेळ सोसले असते. पण मध्यरात्री त्यांचा एक मुलगा दार वाजवून आला आणि आजोबांचा खोकला थोडा वेळ थांबवता येईल का, असे विचारून गेला. जनरेटर बंद करत नाहीत, आणि यांचा खोकला मात्र बंद करा म्हणतात."

त्या मुलाचा दोष नव्हता. पूर्वी आपल्याकडील बहुतेक चित्रपटांचे संवाद नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत. 'लगान'नंतर (२००१) जागेवरच आवाज टिपण्याची पद्धत वाढली. त्यामुळे चित्रीकरणाला परिसराची शांतता हवी असते आणि त्याच परिसरात यंत्रांचा आवाजही करावा लागतो. जनरेटर लांब केबल टाकून दूर नेता येतो. परंतु इथे तो अभिनेत्यांपासून दूर आणि आजाऱ्याच्या जवळ नेला गेला होता. शेजाऱ्याकडून शांतताही घेतली गेली आणि त्याला गोंगाटही दिला गेला.

आम्ही त्या बाईंना काय उत्तर दिले? "परवानगी तीन रात्रींची आहे, उद्या संपेल." हे उत्तर नियमास धरून होते असेही म्हणता येणार नाही. मध्य प्रदेशात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतताक्षेत्रात ४०. डेसिबलचे गणित फसवे असते. ४५ च्या जागी ६५ झाले, तर ध्वनीची ऊर्जा शंभरपट होते. आम्ही अट लिहिली होती. पण ती मोजण्यासाठी त्या बोळात कोणी गेले नव्हते. जी अट कोणी तपासणार नाही हे ठाऊक आहे, ती लिहिणे म्हणजे केवळ स्वतःचे हात धुणे होय.

तरीही हा प्रश्न केवळ अंमलबजावणीतील ढिलाईचा नाही. समजा, आवाज मर्यादेत राहिला असता. तरी त्या बाईंची रात्र देण्याचा अधिकार आमच्याकडे आला कोठून? वाडा मालकाचा होता, त्याने तो दिला. रस्ता नगरपालिकेचा होता, तिने तो दिला. झोप मात्र त्या दोघा वृद्धांची होती, आणि ती तिघांच्या सह्यांनी दिली गेली. त्या तिघांपैकी एकही त्या बोळात झोपणारा नव्हता.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, चित्रीकरणाने गावाला काम मिळते. नावाडी, सुतार, खानावळवाले, लॉजवाले यांच्या हाती चार पैसे येतात. हे आम्ही पाहिले आहे आणि ते क्षुल्लक मानत नाही. परंतु लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा असेल, तर दोहोंची बेरीज करून 'गावाचे भले झाले' असे म्हणण्यात एक लबाडी असते. गाव झोपत नाही वा जागत नाही. माणसे झोपतात आणि जागतात.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक शेजाऱ्याला विचारू लागलो, तर एखादा हेकट माणूस सारे अडवून धरील. पण विचारणे म्हणजे नकाराधिकार देणे नव्हे. भूसंपादनाच्या १८९४ च्या जुन्या, इंग्रजी अमदानीतील कायद्यातही कलम ५-अ पुढे घातले गेले होते. अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांत जमीनधारकाला हरकत नोंदवता येई आणि ती ऐकून घ्यावी लागे. अशा सुनावण्या आम्ही स्वतः घेतल्या आहेत. जमीन बहुधा जाई. परंतु कधी विहीर वाचे, कधी रस्ता चार हात सरके. अर्ध्या बिघ्याला जी सुनावणी मिळत होती, ती माणसाच्या रात्रीला मिळत नाही. त्या बाईंना आदल्या दिवशी कोणी विचारले असते, तर जनरेटर दुसऱ्या बोळात गेला असता. एवढेच त्यांचे मागणे होते.

इथे आपणही स्वतःकडे पाहिले पाहिजे. सण-उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत राज्याला देता येते. चित्रपटाला ती नाही. आपला गणेशोत्सव, इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या रात्रभर चालणाऱ्या झांक्या, लग्नाच्या वराती यांत आपण विचारून आवाज करतो काय? उत्सव सर्वांचा असतो, म्हणून संमती गृहीत असते, असे आपण म्हणतो. परंतु ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घराची संमती कोणत्याच उत्सवाने गृहीत धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या प्रसिद्ध निकालामागील याचिकेचे निमित्त अनेकांना आठवत नसेल. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि तिचा आक्रोश शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील संगीतात बुडून गेला. आपला आवाज दुसऱ्याच्या कानांवर तर पडतोच, पण दुसऱ्याचा आवाजही तो गिळून टाकतो.

२०२० च्या चित्रपट पर्यटन धोरणानंतर आपल्या राज्यात परवानग्या एकाच खिडकीतून मिळाव्यात, अशी दिशा ठरली. अर्जदाराचे हेलपाटे वाचतात, हे चांगलेच आहे. मात्र त्या खिडकीच्या आत शेजाऱ्यासाठीही एक रकाना असावा: आजूबाजूच्या घरांना आगाऊ कळवले काय, आजारी, वृद्ध वा परीक्षार्थी कोणी आहे काय, आणि त्यांच्यासाठी काय योजले? याला नवा कायदा नको. सही करणाऱ्याने एकदा त्या बोळातून चालत जावे, इतकेच पुरे. आम्ही गेलो नाही.

तो चित्रपट पुढे आम्ही सहकुटुंब पाहिला. वाड्यातील प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा आहे. रात्रीची वेळ, समईचा उजेड आणि विलक्षण शांतता. घरच्यांना तो प्रसंग फार आवडला. आम्ही मात्र ती शांतता ऐकत असताना भिंतीपलीकडे तोंडावर पदर धरून कोणी खोकला दाबीत असेल काय, याचाच विचार करीत बसलो.