जे नाही, त्याचा पत्ता

रात्री पावणेदोनला स्क्रीनवर ओळ आली: अमुक यूयूआयडीचं डिव्हाइस सापडत नाही. चार डिस्क मिळून केलेला व्हॉल्यूम ग्रुप होता, त्यातली एक गायब. त्या ग्रुपवर एका रुग्णालयाचे तपासण्यांचे रिपोर्ट होते आणि शेवटचा बॅकअप आदल्या संध्याकाळचा. त्याआधी सर्व्हर बंद करून चालू केला तेव्हा डिस्कची नावं सरकली होती. कालची एसडीबी आज एसडीसी झाली. ग्रुप चालू व्हायच्या आतच आमच्यातल्या एकाने कोरी समजून त्या डिस्कवर नवं पार्टिशन टेबल लिहिलं. फोनवर एकच सांगणं चाललं होतं: ती डिस्क ग्रुपमधून काढून टाक, उरलेल्या तिन्हींवर चालू कर.

तशी कमांड आहे. व्हीजीरिड्यूसला रिमूव्हमिसिंग सांगायचं, जोडीला फोर्स. पण रिपोर्ट ज्यात होते तो आमचा लॉजिकल व्हॉल्यूम चारही डिस्कवर पसरलेला. त्या कमांडने तो अख्खाच गेला असता. ग्रुपच्या नकाशातली चौथीची जागाही पुसली गेली असती, आणि मला ते जास्त लागत होतं.

मी येरवड्यात वाढले. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालायचं. तिथे एका ताईंनी आम्हा मुलांना मिलिंद राजा आणि नागसेनाची गोष्ट सांगितली होती. रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? यांतलं एकही रथ नाही. या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं. पुढे एलव्हीएम, म्हणजे डिस्कचे असे ग्रुप बांधणारी प्रणाली, शिकताना मला ही गोष्ट फार उपयोगी पडली. डिस्क म्हणजे ग्रुप नव्हे, चार-चार एमबीचे एक्स्टेंट म्हणजेही ग्रुप नव्हे.

त्या रात्री मात्र ती गोष्ट पुरली नाही. उरलेल्या तिन्ही डिस्कच्या सुरुवातीला ग्रुपचा पूर्ण नकाशा होता आणि त्या प्रत्येकीत चौथीची ३२ अक्षरांची ओळख, तीच यूयूआयडी, जशीच्या तशी. तिघींना ठाऊक होतं, कोण नाही ते.

डेक्कन कॉलेजच्या आवारात सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त सर आहेत. तिथे १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशात त्यांची हयात गेली. सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्यांचं ते काम. वैशेषिकांचा सातवा पदार्थ, अभाव, मला त्यांनीच समजावला. जमिनीवर घडा नाही, म्हणजे घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी आणि जमीन हे अधिकरण. नुसतं ‘नाही’ असं काही नसतंच. काय नाही आणि कुठे नाही, हे सांगावं लागतं. पावणेदोनची ती ओळ मी पुन्हा वाचली. प्रतियोगी त्या ओळीतच होता, अधिकरण म्हणजे आमचा ग्रुप.

मग घाई थांबली. एलव्हीएम आपल्या नकाशाची प्रत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं, आणि आमची ती फाइल वेगळ्या रूट डिस्कवर सुखरूप होती. पार्टिशन टेबलाने डिस्कचं तोंड पुसलं होतं, पोटातला डेटा नाही. आधी टेस्ट लावून पाहिलं. मग पीव्हीक्रिएटला जुनी ओळख आणि ती फाइल दिली, व्हीजीसीएफजीरिस्टोर केलं, ग्रुप चालू केला. काहीही न लिहिता नुसती तपासणी करणारं एफएससीके लावलं. ते स्वच्छ सुटलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

तरी मन निवेना. ती डिस्क खरोखर मेली असती, तर याच कमांडने एखाद्या कोऱ्या डिस्कलाही तीच ओळख देता आली असती. सरावात मी ते केलेलं आहे. ग्रुप बिनतक्रार म्हणतो, चारही हजर. आणि आत फाइली फाटलेल्या.

दोन दिवसांनी सरांना गाठलं. विचारलं, “सर, कोऱ्या डिस्कला जुनी ओळख दिली, तर अभाव संपला का?”

ते चालता चालता थांबले. “अगं, आधी प्रतियोगी कोण ते ठरव. ती डिस्क, की तिच्यावर लिहिलेलं?”

तेव्हापासून डिस्क गेल्याची नोंद करताना मी यूयूआयडीखाली एक ओळ जास्त लिहिते: तिच्यावर कुणाचं काय होतं.