अमानत

शरीर अल्लाहची अमानत आहे, असे आम्ही शिक्षक सहज सांगतो. नववीतल्या एका मुलीने स्वतःला इजा केल्याचे कळले, तेव्हा मीही तिला हेच ऐकवले. ती वजूच्या नळाकडे फिरकेनाशी झाली. वजूला बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात. गुनाहची आठवण देऊन मी तिची नमाजच सोडवली होती! मैत्रीण मात्र काही न विचारता रोज नळापाशी तिला आडोसा करून उभी राहू लागली. समुपदेशक बाईंकडेही तीच सोबत गेली. (मी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर दिला, तोही उशिरा.) अमानत म्हणजे हिशेब, एवढेच मी जाणत होते. पण ती सांभाळायची कुणी? एकट्या तिनेच? परवा तिने स्वतःच बाह्या वर घेतल्या. मैत्रीण शेजारच्या नळावर होती.